बेडूकभाऊची पेटी

सीताबाई मेश्राम यांनी पहिल्याच भेटीत मला टॉर्च दिला आणि माझं मनगटावरचं घड्याळ नेलं.

दोन हजार चार सालचा उन्हाळा होता. बालाघाटात तेव्हा वीज कधी जाणार हे सगळ्यांना ठाऊक असे, कधी येणार हे मात्र कुणालाच सांगता येत नसे. हनुमान चौकाच्या मागच्या गल्लीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. दोन खोल्या, थोडी मशीनं आणि मी, उमा मॅडम. त्या संध्याकाळी वीज गेली, यूपीएस एकामागून एक कोकलायला लागले, आणि मी अंधारात खुर्च्यांना धडकत मशीनं बंद करत होते. दाराजवळच्या बाकावर एक बाई आपल्या मुलीची वाट पाहत बसल्या होत्या. त्या उठल्या, पिशवीतून टॉर्च काढून माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या हाताचा तळवा उघडून माझ्यासमोर धरला.

मला वाटलं, अंधारात धरून न्या म्हणतायत. मी तो हात धरला. त्यांनी शांतपणे सोडवून घेतला आणि तळवा पुन्हा तसाच धरला.

"काही तं ठेवा, म्याडम."

"काय ठेवू?"

"काही बी. उद्या टॉर्च द्या अन् आपलं घेऊन जा."

माझा स्वभाव तापट आहे, हे गल्लीतली कुत्रीसुद्धा सांगतील. माझ्याच क्लासमध्ये, माझ्याच विद्यार्थिनीची आई माझ्याकडून तारण मागते म्हणजे काय? मी रागारागानं घड्याळ काढून त्या तळव्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी टॉर्च परत केला, तर घड्याळ रुमालात गुंडाळून आलं, काच लख्ख पुसलेली.

त्यांची मुलगी आम्रपाली माझ्याकडे टायपिंग आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकायला यायची. मी तिला विचारलं, "तुझ्या आईचं गहाणवटीचं दुकान आहे का गं?"

ती हसली. "नाही मॅडम. आई लॅम्प रूममध्ये आहे. तिचा हात तसाच पुढं येते. घरी मी मीठ मागितलं तरी येते."

बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीत खाली उतरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे नंबराचा एक पितळी बिल्ला असतो. पाळीवर जाताना तो बिल्ला लॅम्प रूमच्या खिडकीत द्यायचा आणि त्याच नंबरचा टोपीला लावायचा दिवा घ्यायचा. बिल्ला खिळ्यावर टांगला जातो. वर आल्यावर दिवा द्यायचा, बिल्ला घ्यायचा. पाळी सुटल्यावर एखाद्या खिळ्यावर बिल्ला राहिला, तर तेवढा माणूस अजून खाली आहे. सगळे खिळे मोकळे झाल्याशिवाय सीताबाई खिडकी सोडत नसत. असं दिवसभर करणाऱ्या बाईचा हात घरी आल्यावर तरी कसा थांबणार?

ही नोकरी त्यांना नवऱ्याच्या जागेवर मिळाली होती. चैतराम मेश्राम त्याच खाणीत होते. किडनीच्या आजारानं अंथरुणाला खिळले, नागपूरला हलवावं लागलं. बसमध्ये चढताना ते इकडच्या रीतीप्रमाणे, बाई असो की पुरुष, सगळेच म्हणतात तसं "येतो" म्हणाले, आणि नागपूरहून परत आले नाहीत. त्यांचा नंबर पुढे सुखराम नावाच्या माणसाला मिळाला. एकदा हा सुखराम डोक्यावर दिवा तसाच घेऊन बिल्ला न घेता घरी गेला, तर सीताबाई त्याच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. तो जेवत होता. बाईंनी बिल्ला त्याच्या ताटाशेजारी ठेवला, दिवा उचलला आणि चालू लागल्या. "भाजी कशी झाली तेवढं तं विचारा," असं तो मागून म्हणत राहिला, हे तोच सगळ्यांना सांगायचा.

आता खरी गोष्ट. आम्रपालीचं नाव नागपूरच्या एका नर्सिंग कॉलेजच्या यादीत लागलं होतं. पोळा झाला की हजर व्हायचं होतं. नाही तर जागा पुढच्या मुलीला. सीताबाई नाही म्हणत नव्हत्या, हो म्हणत नव्हत्या. "पाहू," म्हणायच्या. आम्रपालीला या "पाहू"ची धास्ती बसली होती. वडिलांचं सामान "पाहू, देऊन टाकू" म्हणत म्हणत वर्षानुवर्षं पलंगाखालच्या पेटीत होतं. आपलंही तसंच होणार, असं तिनं मला एकदा सरळ सांगितलं आणि मग पाठ फिरवून कीबोर्ड बडवत बसली.

या सगळ्यात बेडूक कुठून आला, तर एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून. त्या सीडींवर बहुधा अर्धेमुर्धे खेळ असत, हा मात्र पुरता होता. नाव कुठल्यातरी परक्या लिपीत होतं, ते आम्हाला वाचता आलं नाही. खेळात बोलणं नव्हतंच. सगळी पात्रं तोंडातल्या तोंडात पुटपुटायची आणि त्यांच्या मनात काय आहे त्याचं चित्र डोक्यावरच्या फुग्यात उमटायचं. बंदूक नाही, मोटारी नाहीत. कोट घातलेला एक बेडूक पाठीवर पत्र्याची पेटी घेऊन चालतोय, एवढंच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पॉलिटेक्निकच्या पियुषनं तो पाहून नाक मुरडलं. "मॅडम, इसमें करना क्या है?"

हे मलाही माहीत नव्हतं. म्हणूनच मी तो मशीनवरून काढला नाही.

एका संध्याकाळी आम्रपालीचं काम लांबलं. शेजारच्या पडद्यावर बेडूक उभ्या उभ्या डुलक्या देत होता. सीताबाई बाकावरून उठल्या आणि पडद्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबल्या.

"हा कुठं चालला?"

"ते चालवल्याशिवाय कळत नाही," मी म्हटलं.

"अन् पेटीत का आहे?"

"तेही नाही कळत."

"त्याले जड होऊन राह्यलं ना. मंग उतरून काहून नाही ठेवत?"

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि हात माउसवर, म्हणजे आमच्या क्लासच्या उंदरावर, ठेवून दिला. उंदीर इकडे सरकवला की पडद्यावरचा बाण तिकडे जातो, हे पटायला त्यांना थोडा वेळ लागला. पहिल्या दिवशी त्यांनी बेडकाला फक्त चालवलं, डावीकडून उजवीकडे आणि परत. शेवटी तो दमून पेटीवर बसला, तेव्हा त्यांनी उंदीर सोडला. "बसू दे बापा," म्हणाल्या.

मग साप्ताहिक सुट्टीला त्या दुपारीच येऊ लागल्या. आल्या की "जयभीम, म्याडम," म्हणायच्या आणि थेट बेडकाच्या खुर्चीवर. त्या फार हुशारीनं खेळायच्या असं मी म्हणणार नाही. एक लाकडी पूल पाय वर करून झोपलेला होता, त्याला शिंक आणली तरच तो खाली यायचा. सीताबाई सगळ्या पडद्यावर मिरचीपूड शोधत बसल्या. ती नव्हतीच. पियुषनं शेवटी एका फुलाचा पराग पुलाच्या नाकाशी उडवून दाखवला, तर म्हणाल्या, "फुलानं काय होते? घरी मिरचीच लागते." पुढे एक चंद्र विहिरीत रुसून बसला होता. त्याच्या फुग्यात रिकामी थाळी दिसायची. पियुषनं दोर टाकले, बादल्या सोडल्या, काही चालेना. सीताबाईंनी बेडकाला विहिरीच्या काठावर बसवलं आणि त्याच्या शिदोरीवर बाण टेकवला. बेडकानं अर्धी भाकरी आत टाकली आणि चंद्र चावत चावत वर आला. त्या दिवशी मी पियुषला मनसोक्त चिडवून घेतलं.

प्रत्येक मुक्काम संपला की पेटी थोडी मोठी झालेली दिसायची. बेडूक आणखी वाकायचा. चालताना आतून किणकिण असा बारीक आवाज यायचा आणि तो आला की बेडूक थबकून दुसरीकडेच पाहायचा. आत काय आहे, हा एकच विषय झाला. माझ्या बॅचमधली मुलं, ज्यांच्या घरी मराठी फक्त आईच्या तोंडी उरली होती, ती हिंदीत पैजा लावायची. पियुषच्या मते आत बॉम्ब होता. मला वाटायचं, दुसऱ्या कुणाचं तरी सामान असेल, हा पोचवायला निघालाय. गंमत म्हणजे प्रश्न खाणीतसुद्धा पोचला. खिडकीतून दिवा घेताना माणसं विचारू लागली, "बाई, पेटी उघडली का?" सुखरामचं म्हणणं, आत जिवंत बेडकीण आहे आणि ती आतून घंटी वाजवते. सीताबाई हे सगळं मला येऊन सांगायच्या आणि प्रत्येक अंदाजावर खरोखर विचार करायच्या. "जिवंत असती तं हा मधात मधात बोलला असता तिच्याशी," त्या म्हणाल्या.

मग बेडूक नदीवर पोचला. पलीकडे न्यायला एक म्हातारं कासव होतं. त्यानं डोळा उघडून पेटीकडे पाहिलं आणि मान हलवली. इतकं ओझं चालणार नाही. सीताबाईंनी पेटीवर बाण टेकवला, आणि एवढे दिवस न हललेलं झाकण उघडलं. सगळी बॅच खुर्च्यांमागे गोळा झाली.

आत एक चष्मा होता. दोन कप होते. अर्धा विणलेला गळपट्टा, सुया अजून त्यातच. आणि एक लहान घंटा, चहा झाला की वाजवायची असते तशी. बेडकानं चष्मा उचलला, डोळ्यांना लावून पाहिला, तो त्याला मोठा होत होता. त्याच्या डोक्यावर फुगा आला. फुग्यात दोन बेडूक चहा पीत बसले होते. मग त्यातला एक हळूहळू पुसट झाला आणि फुगाही गेला.

"बस, इतना ही?" मागून कुणीतरी म्हणालं. त्याला पियुषनंच कोपरानं ढोसलं.

सीताबाईंचा हात उंदरावर तसाच होता. "हा बी कोणाले तरी पोचवून आला," त्या म्हणाल्या. मग उठल्या. "चाल वं, आम्रपाली." आणि दोघी गेल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. आम्रपाली एकटी यायची, एकटी जायची. पोळा जवळ येत चालला होता. मला राग येत होता, पण कुणाचा ते ठरत नव्हतं. कुठल्या लांबच्या देशात बसून कुणी हा खेळ केला असेल, याचंही नवल वाटे. दिसायला पोरखेळ, पूल शिंकतो, चंद्र भाकरी खातो, आणि हसत हसत माणसाला नेऊन उभं करायचं ते अशा ठिकाणी. खेळ करणाऱ्यालाही कुणाची तरी पेटी उचलावी लागली असणार. मी क्लास सुटल्यावर एकदा बेडूक चालवून पाहिला. नदीकाठी तो पेटीशेजारी बसून होता. मला पुढे नेववलं नाही. तो खेळ सीताबाईंचा होता.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी त्या आल्या. "थो अजून तिथंच बसून आहे का?" त्यांनी विचारलं.

"तिथंच आहे."

"मले झोप नाही येत. बसून आहे म्हणजे का?"

आता काय करायचं ते उघड होतं. नदीकाठी ज्याला ज्याची गरज, त्याला ती वस्तू द्यायची. एक चिचुंद्री चाचपडत होती, तिला चष्मा. एक बगळा थंडीनं कुडकुडत होता, त्याला गळपट्टा. दोन गोगलगायी एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यांना दोन कप. एका बकरीचं पिल्लू सारखं हरवायचं, त्याच्या गळ्यात घंटा. सीताबाईंनी हे सगळं भराभर केलं. चष्मा दिला. चिचुंद्री आनंदानं गिरकी घेऊन बिळाकडे निघाली. तेवढ्यात सीताबाईंनी बेडकाला तिच्या मागे पळवलं आणि चष्मा काढून घेतला.

मी म्हटलं, चुकून झालं असेल. पण बगळ्याचंही तेच. गळपट्टा घातला, त्याची थरथर थांबेपर्यंत वाट पाहिली आणि परत घेतला. गोगलगायींचा चहा होऊ दिला, कप उचलले. घंटासुद्धा पिल्लू आईपाशी पोचल्यावर सोडवून घेतली. सगळं नीट पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि बेडकाला कासवापुढे आणून उभं केलं. कासवानं मान हलवली.

त्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा कासवानं मान हलवली.

"म्याडम, याचं का चुकून राह्यलं?" त्या माझ्याकडे वळल्या. "ज्याले पाह्यजे त्याले देलं. त्याचं काम झालं, आपण घेतलं. आता कोणाकडं काही बाकी नाही. मंग हा कासव काहून नेत नाही?"

मी तोंड उघडलं होतं, पण त्याआधी आम्रपाली बोलली. ती मागे उभी होती आणि तिचा आवाज चढला होता. "आई, त्यायनं परत द्यासाठी नाही घेतलं. देल्लं म्हणजे देल्लं. थे आता त्यायचं झालं."

"बिल्ला तं कोणीच नाही देला," सीताबाई म्हणाल्या. "कशावरून समजाचं मंग, कोणतं कुठं आहे?"

"नाही समजत, आई. खिळाच नाही इथं. तू कितीक दिवस खिडकीत उभी राहशीन? बाबा नाही येत. अन् मी गेली तं मी येईन, पण तुले मी आत्ता काहीच देऊ नाही शकत."

आम्रपाली रडायला लागली, आणि मी, जी एरवी दोघांच्या भांडणात तिसरी म्हणून हौसेनं पडते, ती भिंतीकडे पाहत राहिले.

सीताबाई मुलीकडे वळल्या नाहीत. त्यांनी बेडकाला बगळ्यापाशी नेलं आणि गळपट्टा दिला. बगळ्याची थरथर थांबली. त्यांचं बोट उंदरावर होतं, ते दाबलं गेलं नाही. बगळा गळपट्टा घालून उडाला. आभार नाहीत, वाजंत्री नाही, बदल्यात काही नाही. पडद्यावर नुसतं आभाळ राहिलं. मग चष्मा गेला, कप गेले. घंटा मात्र त्यांना फार जड गेली. पिल्लाच्या गळ्यात बांधून त्यांनी दोनदा सोडवली. तिसऱ्यांदा पिल्लू टेकडीआड गेलं.

कासव पाण्यात उतरलं. बेडूक रिकाम्या पेटीवर बसून पलीकडे निघाला. नदीच्या मधोमध टेकडीमागून किणकिण असा आवाज आला. बेडकानं या वेळी दुसरीकडे पाहिलं नाही, आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग पडदा काळा झाला आणि बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागली.

"म्हंजे आहे," सीताबाई हळूच म्हणाल्या. "आपल्यापाशी नाही, पण तिकडं आहे." मग पदरानं डोळे पुसून त्यांनी मुलीला विचारलं, "नागपूरची गाडी सकायची किती वाजता आहे वं?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी बसस्टँडवर गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच आगाऊपणे गेले. बसच्या टपावर हमाल एक पत्र्याची पेटी चढवत होता. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: चैतराम मेश्राम, भरवेली. त्याखाली, रंग अजून ओला वाटेल इतकं ताजं: आम्रपाली. पलंगाखालची पेटी सीताबाईंनी रिकामी केली होती. चैतरामांचा स्वेटर सुखरामच्या अंगावर होता. तोही निरोपाला आला होता आणि भादव्याच्या उकाड्यात घाम पुसत तो स्वेटर मिरवत होता. सीताबाई एकदाच त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "बाह्या आखूड होतेत तुले." बाकी काही नाही.

आम्रपाली खिडकीशी बसली. सीताबाईंनी भाकरीचं गाठोडं खिडकीतून आत दिलं, आणि त्यांचा दुसरा हात, सवयीनं, तळवा उघडून पुढे आला.

आम्रपालीनं तो पाहिला. ती घाईघाईनं पर्स उघडून काहीतरी शोधू लागली. कंगवा काढला, रुमाल काढला. बस सुरू झाली होती. "आई, थांब, देते," ती म्हणत होती.

सीताबाईंनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं, जणू तो पहिल्यांदाच दिसत होता. मूठ मिटली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "जपून जाजो."

"येतो, आई."

"हौ."

आणि तोच हात त्यांनी वर केला. बस स्टँडाच्या फाटकाबाहेर वळेपर्यंत तो वरच होता.